लॅबमावशींचं प्रॅक्टिकल

मुलींच्या त्या शाळेत रसायनाच्या प्रयोगशाळेच्या किल्ल्या दोन होत्या. एक रसायनाच्या सरांकडे, म्हणजे कुठेतरी. दुसरी मावशींकडे, म्हणजे कमरेला. त्यामुळे खोली उघडायची झाली की सगळे, खुद्द सरसुद्धा, मावशींनाच शोधत यायचे.

मावशी तिथल्या परिचर होत्या. काचसामान धुवायचं, बाटल्या भरायच्या, बर्नरची नळी कुठे चिरली नाही ना ते बघायचं, आणि एखादीला वासाने गरगरलं की तिला खिडकीशी नेऊन उभं करायचं, ही त्यांची एकोणीस वर्षांची नोकरी. त्यातलं दरवर्षी महिनाभर चालणारं मोठं काम म्हणजे नववीचं मिश्रण. कपाटात खालच्या फळीवर रुंद तोंडाची एक काचेची बरणी होती. तिच्यात लोखंडाचा कीस, वाळू, मीठ आणि नवसागर एकत्र करून ठेवलेलं असायचं. मुली त्यातले दोन चमचे घ्यायच्या आणि तासभर राबायच्या. आधी चुंबक फिरवून कीस काढायचा. मग उरलेलं तापवायचं. नवसागर वितळण्याच्या भानगडीत न पडता थेट वाफ होऊन वर जातो आणि उलट्या ठेवलेल्या नरसाळ्याला आतून पांढरा धरतो. मग पाणी घालून मीठ विरघळवायचं आणि गाळायचं, म्हणजे वाळू कागदावर राहते. खालचं पाणी आटवलं की मीठ हजर. चार ताटल्यांत चार पदार्थ मांडायचे, सरांनी बघून वहीवर सही करायची, की झाली घंटा.

घंटा झाली की मावशींची पाळी. बरणी काखेत मारून त्या टेबलामागून टेबल घ्यायच्या. ताटलीला बोट लावून कोरडं आहे ना ते बघायचं आणि चारही ताटल्या बरणीत रिकाम्या करायच्या. ओलं असेल ते खिडकीत सुकायला. पाच मिनिटांत नवी तुकडी दारात उभी राहायची आणि बरणी तिच्यासाठी पुन्हा भरलेली असायची. मुली कुरकुरायच्या, की आम्ही तासभर घाम गाळायचा आणि तुम्ही एका मिनिटात सगळं मुसळ केरात घालायचं. मावशी म्हणायच्या, केरात कुठे, बरणीत घातलंय. हे सगळं करताना त्यांचं डोकं भाजी काय करायची यात गुंतलेलं असायचं. हातांना डोक्याची गरज कधीच उरली नव्हती.

एवढं सगळं असून मावशी स्वतः दहावी पास नव्हत्या. आठवी झाली, नववीत नाव घातलं, आणि वडिलांची बदली, आईचं आजारपण, धाकटी भावंडं असं एकामागून एक येत गेलं. शाळा सुटली ती सुटलीच. याचं त्यांना दुःख वगैरे होतं असं म्हणता येणार नाही. रोजच शाळेत जायच्या, दुःख करायला सवड कुठली?

दुःख झालं ते संस्थेचं पत्र आलं तेव्हा. नव्या सत्रापासून प्रयोगशाळेत रसायनं हाताळणारा माणूस किमान दहावी पास हवा, नसेल त्याला दुसरं काम द्यावं, असं त्यात होतं. मोठ्या बाईंनी मावशींना बोलावून फार गोड शब्दांत समजावलं. फाटकावर जागा आहे. पगार तोच. येणाऱ्याजाणाऱ्याचं नाव वहीत लिहायचं. बसायला खुर्ची, वर पंखा. वय होत चाललंय, दिवसभर उभं राहण्यापेक्षा बरंच नाही का?

मावशींना खुर्ची नको होती. त्यांना ती खोली हवी होती, जिथे पन्नासाव्या बाटलीला हात घालायला त्यांना दिवाही लागत नसे. नरसाळ्याच्या आत नवसागर धरू लागला की दरवर्षी एखादी तरी मुलगी म्हणायची, अगं बाई, हे बघ. ते ऐकायला त्या मुद्दाम जवळपास काहीतरी पुसत राहायच्या. फाटकावर असं कोण म्हणणार होतं?

तेव्हा त्यांनी फॉर्म भरला, बाहेरून परीक्षा देण्याचा. अभ्यासाची सूत्रं सासूबाईंनी हाती घेतली. सासूबाई एके काळी टेलिफोनच्या ऑपरेटर होत्या. निवृत्त होऊन वीस वर्षं झाली तरी त्यांचं प्रत्येक वाक्य पलीकडच्याला एकदाच ऐकून कळावं असं तोलून यायचं. पहाटे चहा उकळत असताना त्या पुस्तक धरून बसायच्या, आणि उत्तर अर्धवट आलं की लाइन तोडावी तशा पुढच्या प्रश्नाला जायच्या. भूगोलात मावशींच्या नाकी नऊ आले, गणितात तर सासूबाईंच्याही आले. पण लेखी परीक्षेत मावशी सगळ्या विषयांत पार पडल्या.

राहिलं फक्त विज्ञानाचं प्रॅक्टिकल. का राहिलं, ते ऐकण्यासारखं आहे. ज्या दिवशी मावशींचं प्रॅक्टिकल होतं, त्याच दिवशी शाळेतल्या मुलींचंही होतं, आणि सरांना बर्नर पेटवता येईनात. मावशी पाच मिनिटांसाठी म्हणून आत गेल्या आणि चार वाजता बाहेर आल्या. सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. आता एकच संधी होती, सत्र सुरू व्हायच्या आधीची. आणि या खेपेला केंद्र मावशींच्याच शाळेत, त्यांच्याच खोलीत होतं. सगळ्यांनी त्यांच्याकडे पेढे मागायचं तेवढं बाकी ठेवलं होतं. सर म्हणाले, मावशी, वीस मार्कांचं आहे, बारा प्रयोगाला आणि आठ तोंडी, एका प्रश्नाला एक. सात मिळाले की पास. तुम्ही तर झोपेत वीस घ्याल.

झोपेत म्हणाले ते अगदी बरोबर म्हणाले, हे पुढे कळलं.

परीक्षेच्या दिवशी सकाळी दहा वाजता आठ जण खोलीत उभे राहिले. मिश्रणाच्या आठ पुड्या सरांनी आदल्या दिवशी त्याच बरणीतून भरून, लाख लावून ठेवल्या होत्या. मावशी उमेदवार, त्यांना हात लावायची मनाई. पुड्या लहानमोठ्या झालेल्या बघून मावशींचे हात शिवशिवले, पण त्या गप्प बसल्या. सरांनाही आत थांबायची परवानगी नव्हती. ते व्हरांड्यात घिरट्या घालत राहिले.

परीक्षक बाई बाहेरगावच्या होत्या. बारीक, ताठ, चष्मा दोरीला बांधलेला. माणसांना नावाने हाक मारायची नाही असा त्यांचा नियम असावा. त्यांच्या लेखी तिथे एक ते आठ क्रमांक उभे होते. मावशी सात नंबर. खिडकीकडच्या शेवटच्या टेबलावर त्यांच्या डावीकडे सहा नंबर होता, एक बस चालवणारे गृहस्थ, मानेला रुमाल, तिसऱ्यांदा परीक्षेला बसलेले. उजवीकडे आठ नंबर, शिवणकाम करणारी एक तरुण बाई. सुरू व्हायच्या आधी ती मावशींच्या कानात म्हणाली होती, की आपण परीक्षेला बसलोय हे तिने घरी कोणाला सांगितलेलंच नाही. नापास झालं तर निदान ऐकून तरी घ्यावं लागणार नाही.

मावशींनी पुडी फोडली आणि त्यांचा जीव एकदम भांड्यात पडला. हे सगळं ओळखीचं होतं. चुंबक, बर्नर, नरसाळं, कागद. पाऊण तासात त्यांच्या पुढ्यात चार स्वच्छ ताटल्या होत्या, मीठ तर इतकं कोरडं की फुंकर मारली असती तर उडालं असतं. वहीत आकृती काढली, निरीक्षणं लिहिली. बसवाले आणि शिवणवाली जरा मागे होते, पण अकरा वाजेपर्यंत त्यांच्याही ताटल्या भरल्या. दोघांची तोंडी परीक्षा बाईंनी मघाशीच, त्यांचं पाणी आटत असताना उरकून घेतली होती. आता बाई दाराकडून एकेकाच्या ताटल्या तपासत येत होत्या. पाच नंबरपाशी पोचल्या होत्या. मावशींना काही काम उरलं नव्हतं. संध्याकाळी भाजी काय करावी याचा विचार त्यांच्या मनात सुरू झाला.

अकरा वाजून पाच मिनिटांनी शाळेची घंटा झाली.

मावशींचा हात खाली गेला, कपाटाचं दार उघडलं आणि बरणी काखेत आली. आधी स्वतःच्या चार ताटल्या. बोट लावलं, कोरड्या. गेल्या बरणीत. मग डावीकडे वळल्या. बसवाल्या गृहस्थांनी, कोणी केर काढायला आलं की माणूस मागे सरकतो तसे, दोन पावलं मागे सरून जागाही करून दिली. त्यांना वाटलं, तपासून झालं असेल, ही शाळेचीच बाई आहे, तिला ठाऊक असणार. त्यांच्या चार ताटल्या गेल्या. मग उजवीकडे. शिवणवालीने तर आपली शेवटची ताटली स्वतःच्या हाताने उचलून दिली आणि थँक्यू म्हटलं. मावशींनी झाकण लावलं, बरणी दोनदा हलवली, आणि बारा ताटल्या नळाखाली धरल्या.

पाण्याचा आवाज ऐकून बाई मागे वळल्या. रिकाम्या टेबलाकडे बघितलं, मग नळाकडे. चष्मा उतरवून पुन्हा घातला.

"हे काय केलंत?" त्यांनी विचारलं.

"आवरलं," मावशी म्हणाल्या. आणि तो शब्द स्वतःच्या कानावर पडला तेव्हा कुठे त्यांना जाग आली.

हातातली ताटली नळाखाली तशीच राहिली. बसवाले म्हणाले, म्हणजे तपासलं नव्हतं? आणि त्यांनी मानेचा रुमाल काढून कपाळाला लावला. शिवणवाली बरणीकडे बघत राहिली. तिचे डोळे भरून आले, पण आवाज तिने येऊ दिला नाही.

मावशींनी मग सगळं आपल्या अंगावर घेतलं. या दोघांचं पूर्ण झालं होतं, मी डोळ्यांनी बघितलंय, यांचा काही दोष नाही, घंटा झाली आणि माझे हात गेले, असं त्या भराभर सांगत सुटल्या. बाईंनी ऐकून घेतलं आणि नियमाचं पुस्तक उघडलं. नियम असा होता, की जे ताटलीत दिसेल त्यालाच मार्क. ताटली रिकामी तर वहीलाही शून्य. साहित्य सांडलं, पडलं, बिघडलं तर दुसऱ्यांदा एकदाच घेता येईल. वाढीव वेळ नाही. साडेअकराला खोली बंद. उमेदवारांनी एकमेकांशी बोलायचं नाही, बोलल्यास दोघांचीही परीक्षा रद्द.

"बावीस मिनिटं आहेत," बाई म्हणाल्या. "तिघांनी त्या बरणीतलं दोन-दोन चमचे घ्या. सात नंबर, तुमची तोंडी राहिली आहे. ती मी शेवटच्या पाच मिनिटांत घेईन. आधी प्रयोग करा."

ही तशी मेहेरबानीच होती. मावशींना बावीस मिनिटं खूप होती. मिश्रण कमी घ्यायचं, पाणी थोडं घालायचं, पसरट ताटली वापरायची, की पंधरा मिनिटांत चारही पदार्थ परत. बारा मार्क जिथल्या तिथे. त्यांनी चमचा हातात घेतलासुद्धा.

मग त्यांनी डावीकडे बघितलं. अरुंद गल्लीतून चाळीस माणसांची बस मागे घेणाऱ्या त्या गृहस्थांनी घाईत बर्नर भडकवून ठेवला होता. त्यांनी पातेलंभर पाणी घेऊन ठेवलं होतं. एवढं पाणी आटायला दुपार झाली असती. उजवीकडे शिवणवालीने चुंबक कागदात न गुंडाळता तसंच मिश्रणात खुपसलं होतं आणि आता त्याला चिकटलेला कीस नखांनी खरवडत होती. पहिल्या वेळी दोघांनी पुस्तकातल्यासारखं, एकेक पायरी आठवून केलं होतं. घाईत सगळं पार विसरून गेले होते. आणि मावशी त्यांना एक अक्षर सांगू शकत नव्हत्या.

मावशींना स्वतःचा भयंकर राग आला. आपल्या हातांचा, घंटेचा, भाजीचा. मग त्यांनी चमचा खाली ठेवला.

"बाई," त्या म्हणाल्या, "माझी तोंडी आत्ताच घ्या."

बाईंनी आठवण करून दिली, की मग प्रयोगाला वेळ उरणार नाही. मावशी म्हणाल्या, चालेल. बाई म्हणाल्या, प्रयोगाचे बारा जातील, तोंडीचे फक्त आठ आहेत आणि पास व्हायला सात लागतात. मावशी म्हणाल्या, हिशेब केलाय. बाईंनी त्यांच्याकडे एकवार नीट बघितलं, खांदे उडवले आणि प्रश्नांचा कागद काढला. पहिला प्रश्न होता, चुंबकाला कागद का गुंडाळायचा.

मावशींनी उत्तर दिलं ते थेट व्हरांड्यापर्यंत ऐकू गेलं. "उघडं चुंबक घातलं तर कीस त्यालाच बसतो, बाई, निघता निघत नाही. कागदात गुंडाळायचं. कीस कागदाला धरतो. मग आतून चुंबक ओढून घेतलं, की कीस आपोआप खाली पडतो."

शिवणवालीचे हात थांबले. तिने वहीचा कोपरा फाडला.

बाईंनी कपाळाला आठी घातली आणि हळू बोलायला सांगितलं. आपण काही बहिऱ्या नाही. मावशी म्हणाल्या, वर पंखा फार आवाज करतो ना, म्हणून. वर पंखा खरंच होता, पण तो तर मुंगीलाही ऐकू जाणार नाही असा फिरत होता. बाईंनी पंख्याकडे बघितलं. मग डावीकडे, मग उजवीकडे. आणि मावशींचं काय चाललंय ते त्यांना कळलं.

आता काय होणार, म्हणून मावशींचा जीव टांगणीला लागला. पण नियमाच्या पुस्तकात, उमेदवाराने उत्तर किती मोठ्याने द्यावं याबद्दल काहीच लिहिलेलं नव्हतं. बाईंनी पुस्तक मिटलं, हातातला प्रश्नांचा कागद त्याच्याखाली सरकवला आणि पुढचा प्रश्न मनाने विचारला. कीस काढल्यावर काय कराल, आणि आच किती ठेवाल? मावशींनी सांगितलं, आच बारीक, नाहीतर मीठ तडतडून बाहेर उडतं, आणि वर नरसाळं पालथं घालायचं. बसवाल्यांनी बर्नर कमी केला. तेवढ्यात नरसाळ्याच्या दांडीतून पांढरी वाफ निसटायला लागली, ती बाईंना दिसली. त्यांनी लगेच विचारलं, दांडीच्या तोंडाला काय लावतात? कापूस, मावशी गरजल्या. आणि नरसाळ्यावर ओलं फडकं टाकलं, की नवसागर दुप्पट वेगाने धरतो, हे पुस्तकात नाही पण आमच्याकडे असंच करतात. दोन्ही बाजूंच्या नरसाळ्यांवर ओली फडकी पडली. तीन प्रश्न झाले होते, तिन्ही बरोबर.

आता नवसागर धरेपर्यंत दोन मिनिटं कोणालाच काही करायचं नव्हतं. म्हणून बाईंनी खरा, कागदावरचा प्रश्न विचारला. नवसागराचं रासायनिक सूत्र सांगा.

मावशी एकोणीस वर्षं ती बाटली पुसत होत्या. एन, एच, सी, एल, एवढं त्यांना लख्ख दिसत होतं. मध्ये खाली एक लहान आकडा होता. पण त्या आकड्यावरच नेमका एक डाग होता, जुना, निघतच नाही असा. तीन असेल, त्या म्हणाल्या. चार, बाई म्हणाल्या आणि कागदावर फुली मारली. दयामाया दाखवायची जागा ती नव्हती.

म्हणजे आता उरलेले चारही बरोबर यायला हवे होते. एक जरी चुकला तरी फाटक, खुर्ची आणि पंखा. स्वतःच्या बर्नरकडे बघायचं मावशींनी टाळलं, कारण अजूनही दहा मिनिटं होती, आणि अजूनही धावत जाऊन काहीतरी ताटलीत पाडता आलं असतं.

पाणी किती घालायचं, बाईंनी विचारलं. बुडेल इतकंच आणि तेही कोमट, मावशी म्हणाल्या, जास्त घातलं तर आटवता आटवता मुक्काम करावा लागेल. बसवाल्यांनी पातेल्यातलं पाणी मोरीत ओतून दिलं. गाळणकागद कसा बसवतात? चार घड्या घालून, आधी थेंबभर पाण्याने ओला करून, म्हणजे नरसाळ्याला चिकटतो, आणि ओतायचं काचेच्या दांडीवरून, कागदाच्या कडेवरून जाता कामा नये. शिवणवालीची बोटं कापडाला सरावलेली. तिने घातलेली घडी बघून मावशींना भर परीक्षेत कौतुक वाटलं. मीठ पार कोरडं होईपर्यंत तापवत राहायचं का? नाही, मावशींनी सांगितलं, शेवटचं थोडं ओलं असतानाच आच बंद करायची. ताटलीची धग पुरते. तापवत राहिलं तर मीठ उडून सगळ्या टेबलावर होतं, आणि मग पुसायला मीच.

व्हरांड्यात सरांना हसू आवरलं नाही. बाईंनी दाराकडे नुसतं बघितलं आणि व्हरांडा शांत झाला.

सहा बरोबर, एक चूक. घड्याळात अकरा वाजून सत्तावीस मिनिटं झाली होती. दोन्ही बाजूंनी मीठ हळूहळू पांढरं होत होतं. बाईंनी पुस्तकाखालचा कागद काढला, वाचला आणि परत ठेवून दिला. मग त्यांनी शेवटचा प्रश्न विचारला.

"वेगळं केलेलं मिश्रण पुन्हा एकत्र केलं, तर ते पहिल्यासारखंच होतं का? उत्तर कारणासकट द्या."

याचं पुस्तकातलं उत्तर चार ओळींचं आहे. त्यात घटक, प्रमाण, गुणधर्म असे शब्द आहेत, आणि सासूबाईंनी ते मावशींकडून कितीदा तरी म्हणवून घेतलं होतं. त्यातलं एक अक्षरही आता त्यांना आठवेना. डोकं धुतलेल्या ताटलीसारखं रिकामं झालं. त्यांनी डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, आणि मग त्या बोलल्या. या वेळी आवाज आपोआपच खाली आला होता.

"होतं, बाई. एकोणीस वर्षं रोज मीच करतेय. कितीही वेळा मिसळा, मीठ मीठच राहतं आणि वाळू वाळूच राहते. एकमेकांत कितीही गेली तरी कोणी आपलं काही सोडत नाही. म्हणून तर परत वेगळं करता येतं. नाहीतर आत्ता या दोघांचं माझ्या हातून कायमचं वाटोळं झालं असतं."

बाईंनी लिहिलं. त्यांनी काय लिहिलं ते मावशींना उलट्या बाजूनेही वाचता आलं, बरोबरची खूण होती.

मग त्या उठून ताटल्यांकडे गेल्या. बसवाल्यांचं मीठ किंचित दमट होतं, शिवणवालीच्या वाळूत किसाचे दोनचार कण राहिले होते. पण आठही ताटल्या भरलेल्या होत्या. सात नंबरसमोर त्या जरा थांबल्या आणि रकान्यात शून्य घातलं.

"मार्क सांगायचे नसतात," त्या मावशींना म्हणाल्या. "पण बेरीज तुम्हालाही येते."

मावशींना येत होती. त्यांनी ती दोनदा करून बघितली आणि टेबलाची कड घट्ट धरली. शिवणवालीने जाताना त्यांचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. बसवाले म्हणाले, मावशी, माझ्या बसला कधी हात करा, थांबा नसेल तिथेही थांबवीन. सर आत आले आणि त्यांनी विचारलं, वीस ना? मावशी म्हणाल्या, नंतर सांगते, आधी तुमची किल्ली शोधा.

घरी सासूबाई दाराशीच खुर्ची टाकून बसल्या होत्या. सकाळपासून त्यांनी पेपरसुद्धा उघडला नव्हता.

"किती?" त्यांनी विचारलं.

"सात."

"कितीपैकी?"

"वीसपैकी."

सासूबाईंना वाटलं, आपल्याला धड कळलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी एक प्रश्न दुसऱ्यांदा विचारला. उत्तर तेच आलं. लेखीला गणितातसुद्धा एवढे कमी मार्क नव्हते. ज्या कामात या बाईने उभी हयात घातली, त्यात सात?

"मग बाकीचे तेरा कुठे गेले?"

"एक आकड्यात चुकला," मावशी चपला काढत म्हणाल्या. "बारा बरणीत घातले."

मग त्या तिथेच उंबऱ्यावर बसल्या आणि त्यांनी सगळं सांगितलं. घंटा सांगितली, बसवाल्यांनी सरकून दिलेली जागा सांगितली, शिवणवालीचं थँक्यू सांगितलं. सासूबाई कपाळाला हात लावून ऐकत होत्या. थँक्यूपाशी त्यांना पहिला ठसका लागला, आणि पंख्याच्या आवाजापाशी त्या इतक्या हसायला लागल्या की शेजारीण खिडकीतून डोकावून गेली. मावशीही हसल्या. हसता हसता त्यांना रडू कधी फुटलं ते त्यांचं त्यांनाच कळलं नाही. सासूबाई उठल्या, त्यांच्याजवळ उंबऱ्यावर टेकल्या आणि त्यांनी एवढंच विचारलं, की खोली राहिली ना?

"राहिली, आई," मावशी म्हणाल्या.